रोख घेणारी एक खिडकी उघडी ठेवा : बडोद्याच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बडोदे शहरात ज्या ज्या खिडकीवर ‘रोख रक्कम स्वीकारली जाणार नाही’ अशी पाटी लागली आहे, त्या सर्व खिडक्यांचे विश्वस्त, व्यवस्थापक, चिटणीस आणि अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी दांडिया बाजारात राहते. एका राष्ट्रीयीकृत बँकेत १९८२ साली कारकून म्हणून लागले आणि २०१८ मध्ये हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले. या छत्तीस वर्षांतली बरीचशी कॅशच्या जाळीमागेच गेली. तेव्हा रोख पैशाबद्दल मी जे लिहिणार आहे, ते हाताने मोजून पाहिलेलं आहे. हे पत्र बंद पाकिटातून पाठवता आलं असतं. पण पाट्या तुम्ही चारचौघांत लावल्या आहेत, म्हणून मीही चारचौघांतच बोलते आहे.

माझी आत्या एक्याऐंशी वर्षांची आहे. आमच्याच वाड्यात वरच्या मजल्यावर राहते. तिला मधुमेह आहे. दर तीन महिन्यांनी उपाशीपोटी रक्त द्यायला ती जवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात जाते, आणि एकटीच जाते. कुणी सोबत आलेलं तिला आवडत नाही. गेल्या खेपेला ती सकाळी सातला गेली आणि पावणेदहाला परत आली. चेहरा उतरलेला, हाताला बारीक कंप. रक्त दिलं का विचारलं तर म्हणाली, “नाही घेतलं. पैसे चालत नाहीत म्हणे.” मला वाटलं, नोट फाटकी असेल. तिच्या कापडी बटव्यातून नोटा काढून पाहिल्या. पाचशेची एक, शंभराच्या तीन. चौघीही कोऱ्या करकरीत, माझ्याच हातच्या, दिवाळीला तिला दिलेल्या. खिडकीवरच्या मुलीने सांगितलं होतं, “माजी, रोकडा नथी लेता, स्कॅन करो.” आत्याकडे बटणांचा फोन आहे. ती दीड तास बाकावर बसून राहिली, कारण नंबर आपला आहे तर कधीतरी हाक मारतीलच, असं तिला वाटत होतं. रात्रीच्या जेवणापासून पोटात काही नाही, आणि सकाळच्या गोळ्या रक्त दिल्यावर घ्यायच्या म्हणून पर्समध्ये तशाच.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. खिडकीवर संगणकाच्या कागदावर छापलेली पाटी होती, वर गुजरातीत, खाली इंग्रजीत : एक तारखेपासून फक्त ऑनलाइन. आमच्या पुढे एक आजोबा उभे होते. मुलाने घेऊन दिलेला मोठा फोन त्यांच्या हातात होता, पण बोटं थरथरत होती आणि चष्मा घरी राहिला होता. खिडकीतल्या मुलीने हात बाहेर काढून फोन आत घेतला, स्वतःच रक्कम टाकली आणि मोठ्याने विचारलं, “दादा, पिन बोलो.” आजोबांनी पिन सांगितला. मोठ्याने, कारण त्यांना स्वतःलाच कमी ऐकू येतं. रांगेत आम्ही बारा-चौदा माणसं होतो, सगळ्यांनी तो ऐकला. मलाही तो अजून पाठ आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

बँकेत माझ्या स्ट्राँगरूमच्या किल्लीला दुसरा जोडीदार असायचा. दोघांच्या किल्ल्या लागल्याशिवाय दार उघडत नसे. एकाच्या हाती सगळं जाऊ नये म्हणून ती व्यवस्था होती, आणि इथे एका म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्यभराच्या बचतीची किल्ली तुमच्या खिडकीवर हाक मारून मागितली जाते. मुलगी वाईट नव्हती. रांग लांब होती आणि तिला आजोबांना मदतच करायची होती. चूक त्या एक तारखेच्या हुकमाची आहे, आणि तो हुकूम तिने काढलेला नाही.

त्या दिवशी मी हट्टाने नोटा पुढे केल्या. नाही घेतल्या. आत्या उपाशी होती म्हणून शेवटी माझ्या फोनवरून पैसे भरले. बाहेर पडताना फाटकाशी एक पोरगा उभा दिसला. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचे पैसे तो स्वतःच्या फोनवरून भरतो, रोख घेतो आणि वर दहा रुपये. म्हणजे दवाखान्याने रोख बंद केली, तरी रोख काही थांबली नाही. फक्त तिच्यावर दहा रुपयांची दलाली बसली आणि पावती दुसऱ्याच्या फोनवर गेली. ज्याला दहा रुपये जड आहेत, त्यालाच ते भरावे लागतात.

आता कुणी म्हणेल, बाईंना नवं काही नको आहे. तसं अजिबात नाही. माझा मुलगा पुण्याला असतो, त्याचे पैसे मला क्षणात पोहोचतात. खंडेराव मार्केटच्या मागे मी ज्या भाजीवालीकडून पंचवीस वर्षं भाजी घेते, तिच्या पाटीशेजारी आता ते बोलणारं खोकं असतं. पैसे आले की ते रक्कम सांगतं, ती मान हलवते आणि कोथिंबीर वर टाकते. पूर्वी सुट्ट्यांवरून आमची रोज कुरबुर व्हायची, दुकानदार तर सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवायचे. ते गेलं, बरं झालं. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं, जानेवारी २०२० पासून त्यावरचं व्यापाऱ्याचं शुल्क शून्य झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातले व्यवहार दोन हजार कोटींच्या वर गेले. हे काम मोठं आहे, आणि आपल्या देशातल्या माणसांनी केलं आहे. मला त्याचा अभिमान वाटतो. रोख मोजण्याचा त्रास काय असतो हेही मला कुणी सांगायला नको. संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर घरी जाता येत नसे, आणि तूट निघाली तर ती स्वतःच्या पगारातून भरावी लागे. १९९१ मध्ये मी एकदा साडेचारशे रुपये भरले आहेत. तेव्हा ती रक्कम लहान नव्हती.

पण त्याच काळातला दुसरा आकडा पाहा. नोव्हेंबर २०१६ मध्ये, पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा, देशात सुमारे १८ लाख कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. आज ३५ लाख कोटींहून अधिक आहेत. मोबाइलवरचे व्यवहार इतके वाढले, तरी लोकांनी रोख सोडलेली नाही. त्यात काळा पैसा असेलही, त्याची बाजू मी घेत नाही. पण त्यात माझ्या आत्याचा बटवाही आहे, आणि आमच्या वाड्यात पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचा पगारही आहे.

त्या बाईंबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. त्या चार घरी पोळ्या करतात. करोनानंतर दोन घरांनी त्यांना ऑनलाइन पगार द्यायला सुरुवात केली, मीही तेच करणार होते. त्यांनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, “ताई, तुम्ही हातात द्या. फोन त्याच्याकडे असतो.” खातं त्यांच्या नावाचं, पण खात्याला जोडलेला नंबर नवऱ्याचा. पगार आला की संदेश त्याला जातो आणि संध्याकाळपर्यंत खात्यात शंभर-दीडशे उरतात. माझ्याकडून मिळालेल्या नोटा त्या पिठाच्या डब्यात ठेवतात. त्यातून मुलीच्या नर्सिंगच्या परीक्षेची फी भरायची होती. त्या कॉलेजनेही रोख बंद केल्याचं कळलं तेव्हा त्या माझ्याकडे नोटा घेऊन आल्या आणि मी माझ्या खात्यातून फी भरली. नोटांना पिठाचा वास येत होता. पावतीवर पैसे भरणारी म्हणून माझं नाव आलं. बाईंनी ती पावती दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि काही न बोलता पदरात गुंडाळली. पैसे त्यांचे होते. तीन वर्षं एकेक नोट बाजूला ठेवून जमवलेले होते.

२०१६ च्या नोव्हेंबरमध्ये मी काउंटरवर होते. दहा तारखेला बँका उघडल्या तेव्हा रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. त्या दोन आठवड्यांत मी शेकडो बायका पाहिल्या, ज्यांनी तांदळाच्या डब्यातून, देव्हाऱ्यामागून, उशीच्या अभ्र्यातून पाचशेच्या नोटा काढून आणल्या होत्या. काहींबरोबर नवरे आले होते आणि ते बायकोकडे असे बघत होते, जणू तिने घरात चोरी केली. तो पैसा एका झटक्यात उघडा पडला. आता तुमची पाटी तेच काम हळूहळू करते आहे. बाईने स्वतःच्या हाताने भरायची एकेक जागा बंद होते आहे.

पुढची गोष्ट आमच्या शेजारच्या पोळमधल्या, म्हणजे गल्लीतल्या, एका गृहस्थांची. त्यांना जन्मापासून दिसत नाही. ते पियानोची दुरुस्ती करत असत, आता घरी हार्मोनियमचे सूर लावून देतात. शंभराची नोट त्यांच्या हातात दिली की ते उजव्या बाजूला बोट फिरवून त्रिकोण शोधतात, पाचशेच्या नोटेवर गोल. कडेला तिरप्या उठावाच्या रेषाही असतात, शंभरावर चार, पाचशेवर पाच. नोटा नव्या असल्या तर ते क्षणात ओळखतात, जुन्या झाल्या तर थोडा वेळ लागतो. त्यांना कोणी फसवलेलं मी तरी ऐकलेलं नाही. आता त्यांना सांगा, काचेवर चिकटवलेला तो क्यूआर कोडचा चौकोन कुठे आहे, आणि त्यावरचं नाव तुमच्या संस्थेचं आहे की रात्रीत कुणी वर दुसरं स्टिकर लावून गेलं आहे. नोट बनवताना ज्यांना दिसत नाही त्यांचा विचार झालेला आहे. तुमच्या भिंतीवरच्या कागदात तो मला दिसत नाही.

नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी असते. त्यात गुजराती आहे, मराठीही आहे. पुढच्या बाजूला गव्हर्नरच्या सहीसोबत धारकाला तेवढी रक्कम अदा करण्याचं वचन आहे. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे ही नोट भारतात कुठेही वैध चलन आहे. मी वकील नाही, तेव्हा तुमची पाटी कायद्यात बसते की नाही याचा कीस काढणार नाही. पण ज्या नोटेची हमी भारत सरकार देतं, ती रक्त तपासायलाही चालत नसेल, तर म्हाताऱ्या माणसाने काय समजायचं? आत्या त्या रात्री म्हणाली, “म्हणजे मीच बाद झाले का?” मी तिला उत्तर दिलं नाही.

नाण्यांचंही तेच. दहाचं नाणं चालत नाही, असं आपल्याकडे कित्येक वर्षं चाललं आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं की दहाच्या नाण्याच्या तेव्हापर्यंतच्या चौदाही नमुन्यांची नाणी वैध आहेत. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध चलन आहेत. तरी शाळेची पुस्तकं घ्यायला गल्ला फोडून आलेल्या पोराला परत पाठवलेलं मी पाहिलं आहे.

आणि यंत्रं बंद पडतात. २६ मार्च २०२५ ला देशभर यूपीआय अडकलं होतं, १२ एप्रिलला पुन्हा अडकलं. ते काही तासांत सुरू झालं, तेवढं चालतं. पण बडोदेकरांनो, ऑगस्ट २०२४ आपण इतक्यात विसरलो? विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट. तेव्हा पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. अकोटा, मुजमहुडा, समा, फतेगंज पाण्यात. माझी धाकटी बहीण मुजमहुड्याला पहिल्या मजल्यावर अडकली होती. वीज नाही, फोनला चार्जिंग नाही, ज्यांचे फोन चालू होते त्यांना रेंज नाही. पाणी जरा उतरल्यावर एक दूधवाला ट्रॅक्टरवरून आला. पिशवीचे पैसे द्यायला त्या इमारतीतल्या चोवीस घरांपैकी फक्त सात घरांत नोटा निघाल्या. बहिणीच्या शेजारचे डॉक्टर महिन्याला लाखांनी मिळवतात, त्यांच्या घरात चाळीस रुपये नव्हते. बहिणीच्या कपाटातल्या नोटा ओल्या झाल्या होत्या. तिने त्या वर्तमानपत्रावर पसरून, वर थाळ्या ठेवून वाळवल्या, आणि त्यातून साऱ्या मजल्याला दूध घेतलं. तिसऱ्या दिवशी मी पोहोचले तेव्हा जाताना शंभराच्या नोटांचं अर्धं पॅकेट घेऊन गेले होते, तेही संध्याकाळपर्यंत संपलं. अशा दिवशी तुमची खिडकी काय करणार, याचं उत्तर मला त्या एका पानाच्या नोटिशीत सापडलं नाही. बडोद्याला पूर नवा नाही. पुढच्या वेळीही दवाखान्यात माणसं येतील, आणि तेव्हा जास्त येतील.

तुमची कारणं मी ऐकली आहेत. एक कारण चोख हिशेबाचं. खिडकीवरचा माणूस पैसे खातो, ऑनलाइनमध्ये खाता येत नाही. मान्य. पण रोखीच्या चोरीवर उपाय शंभर वर्षांपूर्वीपासून आहेत : क्रमांकाची पावती, दिवसाअखेर ताळा, आठवड्याला दुसऱ्याच माणसाकडून अचानक मोजणी. तुमच्या दोन कारकुनांवर तुमचा विश्वास नाही, म्हणून पाचशे रोग्यांनी फोन घ्यायचा? दुसरं कारण, सुट्टे नसतात. हेही खरं आहे. पण एटीएममधून बहुतेकदा पाचशेच येते म्हणून सुट्टे नसतात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितलं की सप्टेंबरअखेर पंचाहत्तर टक्के एटीएममधून शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळायला हव्यात, आणि मार्च २०२६ पर्यंत नव्वद टक्के. तुमच्या शेजारच्या शाखेकडे महिन्याला शंभर-पन्नासच्या पॅकेटांची मागणी लेखी नोंदवा. मी तो अर्ज लिहून देते. तिसरं कारण मला सगळ्यांत जास्त लागलं. एका विश्वस्तांनी मला सांगितलं, “ताई, आता सगळ्यांकडे फोन असतो.” सगळ्यांकडे म्हणजे कुणाकडे? तुमच्या खिडकीपर्यंत येऊन परत जाणाऱ्याची नोंद तुमच्या कुठल्याच वहीत होत नाही. आत्याच्या त्या सकाळची नोंद कुठेच नाही. म्हणून तुम्हाला वाटतं, सगळं सुरळीत आहे.

या शहराने पैसा बदलताना पूर्वी पाहिला आहे. गायकवाडांचं स्वतःचं बाबाशाही नाणं होतं. माझ्या पणजीच्या पेटीत त्यातली दोन होती. ते चलन जाऊन ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया आला. पुढे २० जुलै १९०८ ला सयाजीराव महाराजांच्या पाठबळाने मांडवीत बँक ऑफ बडोदा सुरू झाली, आणि पेटीत पैसे ठेवणाऱ्यांचे नातू पासबुक घेऊन रांगेत उभे राहिले. म्हणजे बडोद्याचा माणूस बदलाला घाबरत नाही. पण महाराज बदल कसा करत, तेही आठवा. सक्तीचं मोफत शिक्षण त्यांनी १८९३ मध्ये आधी अमरेलीच्या भागात करून पाहिलं आणि सगळ्या राज्याला लागू केलं १९०६ मध्ये. मध्ये तेरा वर्षं गेली. आधी शाळा, मास्तर, मग सक्ती. वाचनालयाची चळवळ सुरू केली तेव्हा ज्या गावात वाचनालय नाही, तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवल्या. गावाने शहरात यावं, अशी अट घातली नाही. ज्या राज्याने पुस्तक माणसाच्या दारात नेलं, त्याच्या राजधानीत आज रक्त तपासायला आलेल्या म्हातारीला फोन विकत घेऊन या असं सांगितलं जातं. आणि त्यासाठी मुदत किती दिली? पाटी पंचवीस तारखेला लागली, अंमल एक तारखेला. मधल्या सहा दिवसांत दोन सुट्ट्या.

माझ्या मागण्या साध्या आहेत. त्या आंदोलनाच्या नाहीत, रोजच्या कारभाराच्या आहेत.

दवाखाना, औषधं, रक्त-लघवीची तपासणी, शाळा-कॉलेजची फी, वीज, पाणी, घरपट्टी, बस, स्मशान : या ठिकाणी कामाच्या पूर्ण वेळात रोख घेणारी किमान एक खिडकी असली पाहिजे. ‘दुपारी बारा ते एक’ अशी नको, कारण उपाशीपोटी रक्त द्यायला माणूस सकाळी सातला येतो. रोख देणाऱ्याकडून एक पैसाही जास्त घेऊ नये, आणि त्याची रांग मागच्या दारी लावू नये.

कुठल्याही कर्मचाऱ्याने कुणाचाही पिन विचारायचा नाही, ऐकायचा नाही, स्वतः टाकायचा नाही. हे खिडकीवर मराठी, गुजराती आणि हिंदीत मोठ्या अक्षरात लिहा. खाली फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांकही लिहा. ज्याला जमत नाही त्याच्याकडून रोख घ्या, की पिनचा प्रश्नच उरत नाही.

पैसे ज्याने दिले, छापील पावती त्याच्याच नावाची हवी. फोन कुणाचा वापरला हे महत्त्वाचं नाही. पोळ्यांच्या बाईंच्या मुलीच्या फीची पावती बाईंच्या नावाने का निघू नये, याचं एकही कारण मला सुचत नाही.

यंत्र, वीज किंवा नेटवर्क बंद पडलं तर काय करायचं, ते आधी लिहून ठेवा आणि कर्मचाऱ्यांना शिकवा. एक पावतीपुस्तक, एक कुलूपबंद पेटी आणि हजारभराचे सुट्टे, एवढं पुरतं.

बटणांच्या फोनवरून पैसे देण्याची सोयही आहे. *९९# आधीपासून होतं, आणि मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आलं आहे, त्याला इंटरनेट लागत नाही. तुमच्यापैकी किती जणांच्या कर्मचाऱ्यांना ते चालवून दाखवता येतं? ज्यांना शिकायचं आहे त्यांना ते शिकवा. आत्याने शिकायला होकार दिला आहे, पण अंक बारीक दिसतात, दोनदा चुकलं. तिला तिचा वेळ हवा, आणि तोवर तिच्या नोटा चालल्या पाहिजेत.

आणि शेवटी, तुमच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. त्या सभेला एक वृद्ध, एक घरकाम करणारी बाई आणि एक न दिसणारा माणूस बोलवा. निर्णय त्यांच्यासमोर वाचा.

रोख मोजायला माणूस नाही, असं तुमच्यापैकी दोघांनी मला सांगितलं आहे. माझी सकाळ रिकामी असते. ज्या दवाखान्यात आत्या परत फिरली, तिथे सोमवार ते शनिवार, सकाळी सात ते दहा, मी रोखीच्या खिडकीवर पगाराविना बसायला तयार आहे. पावतीपुस्तक तुमचं, पेटीची एक किल्ली तुमच्याकडे, एक माझ्याकडे. दहा वाजता ताळा करून देईन, तूट आली तर भरून देईन. बोट ओलं करायची स्पंजची डबी माझ्याकडे अजून आहे. आत्याची पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. तोपर्यंत उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक निवृत्त हेड कॅशियर,
दांडिया बाजार, बडोदे